वॉरिंगाच्या आमदारबाई

वॉरिंगा, १६ मे १९७८

कोरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून दिलंस तरी माझी तक्रार नाही. मला मात्र लिहायचं आहे, आणि दुकानात सध्या कुणी फिरकत नाही. पेरणीचे दिवस आहेत, अख्खं गाव ट्रॅक्टरवर आहे. केस कापून घ्यायला सवड कुणाला?

पोस्टातली एल्सा नॉस्के काल दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "हॉरी, आजोबा होणार तू, आणि मला सांगत नाहीस?" मी एका गिऱ्हाइकाची दाढी करत होतो. म्हटलं, "सांगणारच होतो." मला तर ते तिच्याकडूनच कळत होतं. तुझ्या डेसने तिच्या मुलाला कळवलं म्हणे. बरं झालं कळवलं. तब्येतीला जप. तिकडे पोर्ट हेडलंडला ऊन फार, पाणी पीत जा. बाकी मी काय सांगणार.

तुझ्या आईला मी हे सांगितलेलं नाही, आणि मी तुला लिहितोय हेही तिला ठाऊक नाही.

रेल्वेचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलो होतो. पण गावाबद्दल लिहायचं तर तो येतोच. गाडी बंद झाल्यापासून स्टेशनात हायड्रिकने गवताच्या गासड्या भरल्यात. फलाटावर त्याच्या मेंढ्या असतात. रेल्वेत डेसच्या बरोबर असलेले सगळे गेले, कुणी पिरी शहरात, कुणी तुमच्यासारखे पश्चिमेला. शाळेत एक मास्तर कमी केला.

आता दवाखान्याचं ऐकतोय. राजधानीत ठरलंय म्हणे की छोट्या गावांतले बाळंतपणाचे विभाग बंद करायचे, आणि बायकांनी बाळंतपणाला थेट पिरीला जायचं. हे मला दोन वेगवेगळ्या माणसांनी खुर्चीत बसून सांगितलं, म्हणजे खरं असणार. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "विधेयक अजून आलेलं नाही." आमदारबाईंचं उत्तर. मग ती मागच्या अंगणात गेली आणि काही काम नसताना तिथे बराच वेळ उभी राहिली.

तो विभाग म्हणजे तिचा जीव, हे तुला मी सांगायला नको. ती तिथे नर्स होती तेव्हा बाळंतिणींना व्हरांड्यात कॅनव्हासच्या पडद्यामागे ठेवायचे. तू त्याच पडद्यामागे जन्मलीस, बाहेर धुळीचं वादळ चाललेलं. त्या पडद्याच्या जागी भिंत हवी म्हणून ती पहिल्यांदा सह्या गोळा करत गावभर फिरली, आणि भिंत झाल्यावर लोकच म्हणाले, आता तूच उभी राहा. पक्षाला बाई नको होती. पण त्या वर्षी दुसरं कुणी मिळालं नाही.

तुझा,
बाबा

वॉरिंगा, १८ जून

कोरा,

तुझं कार्ड मिळालं. "मी बरी आहे. डेस बरा आहे. तुम्ही लिहिलंत तर हरकत नाही, पण तिच्याबद्दल लिहू नका." मी ते दुकानातल्या आरशाला खोचलं होतं. मग सगळे वाचायला लागले म्हणून खणात ठेवलं.

तिच्याबद्दल न लिहिता मी काय लिहू, सांग. या घरात दुसरं काय घडतं? मी तिच्याबद्दल थोडं लिहीन, तू तेवढा भाग सोडून पुढे वाच.

गेल्या शनिवारी राज्याचे प्रीमियर स्वतः आले. वॉरिंगाला यायचं काही कारण नव्हतं, मेंढ्यांचं प्रदर्शन तर ऑक्टोबरात. स्वयंपाकघरात बसले. मी चहाबरोबर स्कोन भाजले होते.

"ईनिड, उत्तम झालेत हो. तुम्ही केलेत?"

"हॉरीने. मी फक्त परीक्षक असते," तुझी आई म्हणाली. खरंच आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक जत्रेत ती स्कोनना नंबर देत आलीये, आणि तिने स्वतः केलेला स्कोन आपल्या कुत्र्यानेसुद्धा पुरून ठेवला होता.

मग प्रीमियर मुद्द्यावर आले. "मंत्रिमंडळात जागा होतेय. आरोग्य खातं. मला तुमचं नाव सुचतंय."

"आताचे मंत्री कुठे चालले?"

"लंडनला. तिथे आपला माणूस हवाच आहे."

"म्हणजे दवाखाना मी बंद करायचा."

"दवाखाना नाही, ईनिड. एक विभाग. पिरीला सगळ्या सोयी आहेत, आणि रस्ताही आता चांगला झालाय."

"रस्ता मीच करून घेतला."

"म्हणूनच म्हणतो!"

"त्या रस्त्याने कळा सुरू झालेली बाई घेऊन कधी गेलायत? मी गेलेय. मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन. रस्ता चांगला असला तरी पिरी जवळ येत नाही."

प्रीमियर माझ्याकडे वळले. "हॉरी, तुम्ही तरी समजवा."

"मी केस कापतो, साहेब. तुमचेही मानेवर वाढलेत."

ते हसले, आणि खरंच व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. मी कात्री घेतली. माणूस वाईट नाही गं. डोक्यावर मधोमध भोवरा आहे, लहान मुलासारखा. मान खाली घालून ते म्हणाले, "हॉरी, सरकार एका मतावर उभं आहे. तिने मत दिलं नाही तर पक्ष तिला ठेवणार नाही. रेल्वेच्या वेळी तिने ऐकलं होतं. तेव्हा ती शहाण्यासारखी वागली."

 केस झटकले आणि मागून आरसा दाखवला.

ते गेल्यावर तुझी आई कपबश्या विसळत होती. मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "आरोग्य खातं, हॉरी. मी नर्स असताना त्या खात्याच्या पत्राला हात लावायच्या आधी हात धुवून यायचे." हे ती आनंदाने म्हणाली की कसं, मला अजून कळलेलं नाही. तिला मंत्री व्हायचंच नव्हतं असं तुला सांगितलं तर ते खोटं होईल.

तुझे पाय सुजतात का? सुजत असतील तर डॉक्टरांना सांग.

बाबा

ॲडलेड, २७ जुलै

कोरा,

हे हॉटेलातून लिहितोय. उद्यापर्यंत थांबलो तर काहीतरी राहून जाईल.

आज मतदान होतं. मी दुकान बंद करून आलो, गॅलरीत बसलो. थंडी अशी की लोक कोट घालूनच बसले होते. तुझी आई खाली आपल्या जागेवर, सरकारच्या बाकांवर, निळ्या कार्डिगनमध्ये. ती काय करणार हे मला माहीत नव्हतं. गाडीत संपूर्ण वाटेत ती मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलत होती, आणि तुझ्या आईला मेंढ्यांमध्ये काडीचाही रस नाही हे तुला माहीत आहे.

ती बोलायला उभी राहिली. कागद न घेता. बाळंतिणींबद्दल बोलली, वादळाबद्दल, नांगरणीच्या दिवसांत घरात गाडी नसते त्याबद्दल. आवाज चढवला नाही. मागे एक सभासद डुलक्या घेत होता तोही जागा झाला. मग आरोग्यमंत्री उभे राहिले. हसत म्हणाले, "सन्माननीय सदस्यांना आज वॉरिंगाची भलतीच काळजी वाटतेय. वॉरिंगाची रेल्वे बंद केली तेव्हा त्या आमच्या बाजूला बसून होत्या, आणि मला आठवतं, अगदी आरामात बसल्या होत्या."

दोन्ही बाजूंनी हशा झाला. तुझी आई पुन्हा उभी राहिली.

आता पुढचं मी तुला सोडून वाच म्हणणार नाही.

ती म्हणाली, "बसले होते. त्या दिवशी माझी मुलगी वर गॅलरीत होती. ती माझ्याच कार्यालयात काम करायची. रेल्वे गेली तर कोणकोणती घरं रिकामी होतील हे तिने मला घरांची नावं घेऊन सांगितलं होतं. मी पक्षाचं ऐकलं. तिचं बरोबर होतं. ती उठून गेली, आणि त्या घरांबरोबर तिचंही घर गेलं. मंत्रिमहोदयांना माझं एवढंच सांगणं आहे. मत देण्याआधी वर बघा, तुमचं कोण बसलंय ते."

आणि कोरा, मंत्र्यांनी खरंच वर पाहिलं. वर मी होतो. मी काय करणार, हॅट काढली.

घंटा वाजली. कोण कुठल्या बाजूला बसलंय ते बघून मतं मोजायला दारं लावली. तिने शांतपणे ग्लासातलं पाणी संपवलं, पर्स उचलली, आणि मधली मोकळी जागा ओलांडून विरोधकांच्या बाकावर जाऊन बसली. तिथल्या लोकांनी तिला जागा करून दिली, पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या मागे सरकारच्या बाजूला तिची जागा तशीच रिकामी राहिली. विधेयक पडलं.

बाहेर आल्यावर तिच्या पक्षाचा एकही माणूस तिच्याशी बोलला नाही. फक्त दारावरचा म्हातारा शिपाई म्हणाला, "पायऱ्या ओल्या आहेत, मिसेस पेंगली, सांभाळून." तिने त्याचे इतके आभार मानले की तो गोंधळला.

मी विचारलं, "कधी ठरवलंस?"

"पाणी पिताना," ती म्हणाली.

बाबा

वॉरिंगा, २० सप्टेंबर

कोरा,

तुझं मोठं पत्र आलं. पाळण्याचं वाचून आनंद झाला, डेसच्या हातात ते कसब आहेच. भाषणाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. असू दे. तिने काय घातलं होतं हे मात्र विचारलंस. निळं कार्डिगन, लिहिलं होतं मी. कोपराला रफू केलेलं.

निवडणूक लवकर लागली हे तुला पेपरात कळलंच असेल. पक्षाने तिला काढलं. ती अपक्ष उभी आहे. पक्षाने लॉइड कर्नोला उभं केलंय, तुझ्या वर्गातला, कानांवरून तुम्ही चिडवायचात तो. आता गव्हाच्या सोसायटीत सेक्रेटरी आहे. भला मुलगा आहे, हीच पंचाईत.

माझी अर्धी गिऱ्हाइकं येईनाशी झाली आणि उरलेली अर्धी सल्ले द्यायला येतात. "ईनिडला सांग, हायड्रिककडे दोनदा जा." "ईनिडला सांग, ती हॅट घालू नको." ती पहाटे थर्मास भरते आणि जुन्या होल्डनमधून फिरत राहते. शेताच्या फाटकाशी गाडी थांबवते, शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरतो की नाही ते बघत उभी राहते. पुष्कळ जण उतरतात. काही जण दुरूनच हात हलवतात.

मंगळवारी लॉइड दुकानाच्या दारात.

"मिस्टर पेंगली, येऊ का? की नको?"

"केस वाढलेत ना? बस."

"आमच्या लोकांना आवडणार नाही."

"मग पोस्टरवर झिपऱ्यांसकट छाप."

बसला. कानाभोवती कात्री सांभाळून चालवावी लागते अजून. थोड्या वेळाने म्हणाला, "प्रत्येक दारात बायका एकच विचारतात, बाळंतपणाच्या विभागाचं काय. मी काय सांगू? पक्ष म्हणतो, विषय टाळ."

"मला काय विचारतोस? मी तुझ्या शत्रूचा नवरा."

"त्या काय म्हणतील?"

"मागे धुणं वाळत घालतेय. विचार जाऊन."

मी गंमत केली होती. तो गळ्यात कापड तसंच बांधून खरंच गेला. मी खिडकीतून ऐकलं, नाही असं म्हणत नाही.

"मिसेस पेंगली, विभाग चालू ठेवायचा मी शब्द दिला तर?"

"तुझ्या एकट्याच्या शब्दाला कोण विचारतं, लॉइड? प्रीमियरकडून जाहीर करून घे. इथे, हॉलमध्ये, लोकांसमोर. ते आत्ता घाबरलेत, आत्ता करतील. निवडून आल्यावर नाही करणार."

"पण मग लोक तुम्हाला कशाला मत देतील?"

"तो चिमटा दे इकडे," तुझी आई म्हणाली. चादर लावली. मग म्हणाली, "मी निवडून आले तर एकटी असणार. एकटीचं कोण ऐकतं तिथे? तू निवडून आलास तर सरकारच्या बाकावर बसशील. शब्द सरकारकडून घे, आणि जाहीर घे."

तो परत येऊन खुर्चीत बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मी उरलेले केस कापले. डाव्या बाजूला थोडे जास्त गेले.

ती आत आल्यावर मी म्हणालो, "तू जागा देऊन टाकलीस त्याला."

"अजून मतदान व्हायचंय, हॉरी."

"वेड पांघरू नकोस."

"चहा करतोस का?"

केला नाही. मी चिडलो होतो. तिच्या इतक्या वर्षांच्या धुळीवर, पंक्चरांवर, कुणाकुणाच्या मयतीला लावलेल्या हजेऱ्यांवर तिने पाणी सोडलं होतं. तिने स्वतःच चहा केला, दोन कप, आणि एक माझ्यासमोर ठेवला. तिचा चहा तुला माहीत आहे. प्यालो.

पुढच्या आठवड्यात प्रीमियर येणार आहेत, हॉलमध्ये सभा आहे.

बाबा

वॉरिंगा, १६ ऑक्टोबर

कोरा,

हरली.

पहिल्या मोजणीत ती दुसरी होती. मग तिसऱ्या उमेदवाराच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजायला घेतली, त्यांतली बरीच तिच्याकडे आली. मग टपालाची मतं. आठवडाभर ती मागून वर सरकत राहिली आणि लॉइडच्या अगदी जवळ येऊन थांबली. शेवटचा गठ्ठा मोजून झाल्यावर हॉलमधल्या बायकांनी चहाचं मोठं भांडं पुन्हा तापवलं, कारण काय करावं कुणालाच सुचेना.

लॉइडने हात पुढे केला. त्याला रडू येत होतं. तुझी आई म्हणाली, "सरळ उभा राहा, फोटो काढतायत."

प्रीमियरनी हॉलमध्ये सगळ्यांसमोर शब्द दिला होता, पेपरांत छापून आलाय, पुन्हा मागे घेता येणार नाही. विभाग राहतोय. हायड्रिकच्या सुनेला काल तिथेच मुलगा झाला. तुझी आई बघायला गेली नाही. "लॉइडला जाऊ दे," म्हणाली.

कार्यालय रिकामं करून दिलं. तुझं टेबल अजून तिथेच होतं. ते तिने घरी आणलं, ठेवायला जागा नाही, सध्या व्हरांड्यात आहे.

सगळे विचारतात, ईनिड कशी आहे. मी म्हणतो, ठणठणीत. सोमवारी सकाळी ती कपडे करून, गाडीची किल्ली घेऊन स्वयंपाकघरात उभी होती. मी विचारलं, कुठे निघालीस? तिने किल्लीकडे पाहिलं, मग खुंटीला लावली. म्हणाली, "बाहेर पाऊस येईल का बघत होते." आभाळात ढग नव्हता.

हे तुला कळवायचं नव्हतं. लिहून गेलं.

बाबा

वॉरिंगा, १३ नोव्हेंबर

कोरा,

हे नीट वाच, घाईत लिहितोय. हे पत्र विमानाने येणार, म्हणजे तिच्या आधी पोहोचेल.

परवा जेवताना ती म्हणाली, "पोर्ट हेडलंडला कसं जातात?"

"कुठे?" मी म्हणालो.

"हॉरी, दर महिन्याला तू भरदुपारी दुकानाला कुलूप लावून पोस्टात जातोस. गावात माझ्याआधी हायड्रिकच्या मेंढ्यांना कळलंय. किती महिने झालेत तिला?"

"सांगायचा मला अधिकार नाही."

"आठ," ती म्हणाली. म्हणजे एल्साने सांगितलंच होतं तिलाही. मे महिन्यापासून तिला माहीत होतं आणि मला नव्हतं माहीत की तिला माहीत आहे. असा आमचा संसार.

मग ती म्हणाली, "मला बोलावलेलं नाही."

मी म्हटलं, "नाही."

"दार लावून घेतलं तर?"

"तर इतक्या वर्षांत किती दारं लागलीत तोंडावर? फाटकाशी गाडी थांबवायची आणि उभं राहायचं. तूच शिकवलंस सगळ्यांना."

आज मी तिला पिरीला नेऊन गाडीत बसवून आलो. पर्थपर्यंत आगगाडी, पुढे बस. शुक्रवारी दुपारपर्यंत येईल. सामानात लहान बाळाची टोपरी आहेत, विणणारी ती नाही, एल्सा आहे, त्यामुळे बिनधास्त वापर. ती माफी वगैरे मागायला येत नाहीये, तसं ती काही बोलली नाही. तिने काय बोलायचं ठरवलंय मला ठाऊक नाही. बहुतेक पाणी पिताना ठरवेल.

मी येत नाही. मी आलो तर तुम्ही दोघी माझ्याशीच बोलत बसाल.

दार उघडायचं की नाही ते तू ठरव. तू उघडलं नाहीस तर बसस्टँडजवळ राहायची काय सोय आहे ते डेसला बघून ठेवायला सांग, एवढीच विनंती. ती विचारणार नाही.

बाबा

वॉरिंगा, ११ डिसेंबर

कोरा,

तार मिळाली. मुलगी, दोघी सुखरूप. मी ती दुकानात मोठ्याने वाचली. लॉइड खुर्चीत होता, त्याने अर्ध्या दाढीनिशी उठून माझ्याशी हात मिळवला.

आणि कालचा फोन. त्याबद्दल लिहायलाच बसलोय, कारण तुम्हा दोघींना काय झालं ते कळलंच नसणार.

एल्साने पोस्टातून जोडून दिला. तू म्हणालीस, "बाबा, बाळ झोपलंय, आईला देते." तू तिला आई म्हणालीस. मग ती आली. "हॉरी, इथे हॉस्पिटलात बाळंतिणींच्या खोलीला पंखासुद्धा नाही, उन्हाने भिंतीला हात लावता येत नाही, आम्ही अर्ज लिहितोय." मी म्हटलं, "आम्ही म्हणजे कोण?" तेवढ्यात मागून तू म्हणालीस, "आई, ते वाक्य काढ. फार लांब आहे."

"लांब असू दे. अधिकाऱ्याला दम लागला पाहिजे."

"कुणी वाचणार नाही. इथले लोक खाणीतले आहेत, तुझे गहूवाले नाहीत. आणि सही पहिली माझी. मी इथे राहते."

"बरं. पण वाक्य राहू दे. मी अशीच वाक्यं लिहून निवडून येत होते."

"तू हरलीस, आई."

मग काहीच ऐकू येईना. नुसती तारेची खरखर. मी रिसीव्हर इतका घट्ट धरला होता की कान दुखायला लागला. मला वाटलं, संपलं. आता बस, मग आगगाडी, आणि मी पुन्हा पिरीच्या स्टेशनवर.

आणि मग ती हसली. आधी तीच. मग तू. तुम्ही दोघी अशा हसत सुटलात की बाळ उठलं आणि रडायला लागलं, आणि कुणीतरी म्हणालं, "दे इकडे," आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "मान धर, मान," आणि फोनची आठवण कुणालाच राहिली नाही.

मी ऐकत राहिलो. मध्येच एल्सा तारेवर आली. "हॉरी, वेळ संपला. कुणी बोलत नाहीये तिकडे. तोडू का?"

मी म्हटलं, "नको. असू दे अजून थोडा वेळ."

बाबा